दोनशे चौदा कोटी आणि वर काही

२,१४,७४,८३,६४७. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. म्हणताना दम लागतो. पण घडण अगदी सोपी: एकतीस वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार करायचा आणि एक वजा करायचा. जे उरतं त्याला एक आणि ती संख्या स्वतः, यांखेरीज कशानेही भाग जात नाही. मूळ संख्या.

हे खात्रीने सांगितलं ऑयलर या स्विस गणितज्ञाने, १७७२ मध्ये, सेंट पीटर्सबर्गमध्ये. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. सरळ रस्त्याने जायचं तर हिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे सेहेचाळीस हजार तीनशे चाळीसपर्यंतच्या साडेचार हजारांहून जास्त मूळ संख्यांनी भागून बघावं लागलं असतं. ऑयलरने आधी विचार केला, की हिला नि:शेष भागणारी मूळ संख्या असलीच तर ती दिसेल कशी? तिला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे. एवढ्या अटीवर उमेदवार उरले जास्तीत जास्त ३७२. आकडेमोड टाळण्यासाठी केलेली आकडेमोड मला नेहमीच भारी वाटते. आळसाचं याहून सभ्य रूप मी पाहिलेलं नाही.

पुढे कित्येक दशकं याहून मोठी मूळ संख्या कुणाला माहीत नव्हती. १८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने तर हिच्यापासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येबद्दल (जिचे स्वतःखेरीजचे सगळे भाजक मिळवले की तीच संख्या येते) लिहून टाकलं, की याहून मोठी कधी सापडणार नाही. या नुसत्या गमतीच्या गोष्टी, उपयोग शून्य, मग शोधायला जाईल कोण? बिचारा! माणसं निरुपयोगी गोष्टींसाठी काय काय करतात, याचा त्याला अंदाजच नव्हता.

उपयोगाचं म्हणाल, तर संगणकात ३२ बिटांत, म्हणजे शून्य किंवा एक लिहायच्या ३२ जागांत, पूर्णांक मांडताना एक बिट उणे-अधिकसाठी जातो. उरलेल्या एकतीस बिटांत मावणारी सगळ्यात मोठी संख्या हीच. २०१४ मध्ये एका कोरियन गाण्याचे यूट्यूबवरचे व्ह्यूज हिच्या पलीकडे गेले आणि मोजणी ६४ बिटांवर न्यावी लागली. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या जुन्या यंत्रणा १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, याच आकड्याशी पोचतील. पुढच्या सेकंदाला मोजणी उलटून उणे होईल आणि त्यांच्या लेखी डिसेंबर १९०१!

संगणकाला मात्र हिच्या मूळपणाचं काही सोयरसुतक नाही. त्याला फक्त सगळे बिट एक झालेले दिसतात. उण्यासाठी बिट राखला नसता तर कमाल संख्या ४,२९,४९,६७,२९५ झाली असती, आणि तिच्या शेवटी पाच आहे हे शाळकरी पोरालाही दिसतं. उधारी मांडायची सोय ठेवली म्हणून मूळ संख्या पदरात पडली. आता बहुतेक ठिकाणी ६४ बिट आलेत. त्यांतली कमाल संख्या एकोणीस आकडी आहे, सेकंद मोजायला अब्जावधी वर्षं पुरेल. पण तिला सातने भाग जातो.