आर्टेमिसचा फोटो, अंजनेरीच्या पायथ्यावरून

आर्टेमिस म्हटलं की हल्ली सगळ्यांना चंद्रमोहीम आठवते. मी ज्याच्या मागे लागले होते तो आर्टेमिस वेगळा. युरोपीय अंतराळ संस्थेने सोडलेला दळणवळणाचा उपग्रह, २०१७ साली निवृत्त झालेला.

१२ जुलै २००१ ला फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून एरियन-५ रॉकेटने तो उडाला आणि रॉकेटच्या वरच्या टप्प्यातच घोटाळा झाला. कक्षेचं दूरचं टोक ३६,००० किमीच्या आसपास हवं होतं, ते साडेसतरा हजारांवर अडकलं. मग नियंत्रकांनी उपग्रहातलं रासायनिक इंधन खर्चून त्याला ३१,००० किमी उंचीच्या गोल कक्षेत नेलं. उरलेली चढण झेनॉनवर चालणाऱ्या आयन इंजिनांनी! त्यांचा रेटा १५ मिलिन्यूटन, म्हणजे जेमतेम दीड ग्रॅम वजनाएवढा. दिवसाला साधारण १५ किमी चढत ३१ जानेवारी २००३ ला तो जागेवर पोचला. त्याआधीच, नोव्हेंबर २००१ मध्ये, स्पॉट-४ या दुसऱ्या उपग्रहाने टिपलेलं चित्र त्याने लेसर किरणांवरून घेऊन जमिनीवर उतरवलं होतं. हे वाचल्यापासून तो बघायचाच, असं मी ठरवलं होतं.

भूस्थिर कक्षेत उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याच्याच वेगाने फिरतो, म्हणून आकाशात एकाच जागी दिसतो. निवृत्त उपग्रह या कक्षेच्या शेकडो किमी वर ढकलतात. तिथे आर्टेमिस पृथ्वीच्या फिरण्यापेक्षा किंचित हळू चालतो, म्हणून रोज काही अंश पश्चिमेला सरकतो. नाशिकच्या आकाशातून गेला की काही महिने वाट बघायची. कक्षेचे आकडे, ज्यांना टीएलई म्हणतात, ते त्याच दिवशीचे घेऊन स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या संगणक-प्रोग्राममध्ये भरावे लागतात.

मी मार्चची अमावस्या निवडली. विषुवदिनाच्या आसपास हे उपग्रह मध्यरात्रीच्या सुमाराला पृथ्वीच्या सावलीजवळून जातात, आणि सावलीच्या अलीकडे चांगले उजळतात. धाकट्या भावाला घेऊन अंजनेरीच्या पायथ्याशी गेले. तिथून शहराचा उजेड पूर्वेकडे राहतो, दक्षिण बऱ्यापैकी काळी मिळते.

आधी सराव मृग नक्षत्रावर केला. नाशिकहून भूस्थिर उपग्रहांची रांग खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताची आकाशातली रेषा) साडेतीन अंश दक्षिणेला दिसते, म्हणजे बाणाचे तीन तारे आणि त्याखालचा तेजोमेघ यांच्या बरोबर मधून. साधा ट्रायपॉड, १३५ मिमी लेन्स, आयएसओ ३२००, तीस सेकंद. कॅमेरा स्थिर असल्याने ताऱ्यांच्या रेघा उमटतात आणि चालू उपग्रहांचे ठिपके जागच्या जागी राहतात. पहिल्या फोटोत ते ठिपके दिसले तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, हे सगळे आत्ता काम करतायत?" हो, सगळे.

आर्टेमिसचं तसं नाही. त्याची कक्षा आता कुणी सावरत नाही, सूर्य-चंद्राच्या ओढीने ती तिरकी होते. म्हणून तो उत्तर-दक्षिण सरकतो आणि फोटोत आखूड, तिरपी रेघ उमटते. ताऱ्यांच्या रेघा पूर्व-पश्चिम, ही त्यांना छेदणारी. स्टेलॅरियमने दाखवलेल्या जागी तशी एक फिकट रेघ सापडली. दहा मिनिटांनी पुन्हा तोच भाग टिपला. रेघ अंदाज केल्याप्रमाणे पुढे सरकली होती. तोच तो! मला अक्षरशः भरून आलं.

कुणाला करून बघायचं असेल तर पावसाळ्यानंतरचा मुहूर्त सप्टेंबरअखेरचा, पण नाशिकला तेव्हा ढगांचा भरवसा नसतो. मी तरी मार्चच सुचवीन.