जाळीच्या काठावर उभा राहिलेला ससा

मार्चअखेर बर्फ वितळला आणि परसातल्या सफरचंदाच्या कोवळ्या झाडाची दशा दिसली. मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ मध्ये प्रसारित केलेला हनीक्रिस्प हा वाण मी मोठ्या हौसेने लावला होता. दीड फुटापर्यंतचे खोड तारेच्या जाळीत सुखरूप होते, पण तिच्या वरची साल तासून काढल्यासारखी नाहीशी झाली होती आणि उघड्या, ओलसर लाकडावर सशाच्या दातांच्या बारीक खाचा होत्या.

नोव्हेंबरात शेजारच्या आजोबांनी सांगितले होते की जाळीची उंची जमिनीपासून मोजायची नसते, बर्फाच्या थरापासून मोजायची असते. मी हसून वेळ मारून नेली. वरूडच्या संत्र्याच्या बागेत वाढलेल्या माणसाला झाड राखायला कुणी शिकवावे, हे मला रुचले नव्हते. यंदा बर्फ जाळीच्या काठाला टेकला, आणि सशाला जणू पाटच मांडून मिळाला.

आमच्याकडे काळजी घेत नाहीत, असे मात्र कुणी समजू नये. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी अशी बोर्डोपेस्ट बाबा दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक वाहण्याच्या रोगासाठी, खोडांना लावत. मिश्रणात लोखंडी विळा बुडवून पाहत. पात्यावर तांबूस थर चढला की आणखी चुना घालत. रोही आणि शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्या होत्याच. फक्त आमच्या शत्रूला उंच करणारा बर्फ पडत नाही, आणि हा दोष माझ्या शिक्षणाचा नाही, एवढे मी अजूनही म्हणेन.

साल चहूबाजूंनी गेली की पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत उतरत नाही. झाड वसंतात पालवते आणि मग मुळे उपाशी राहून वाळते. माझ्या झाडाला उत्तरेकडे दोन बोटे रुंदीची पट्टी शिल्लक आहे. आजोबांनी, ‘सांगितले होते’ असे एकदाही न म्हणता, त्याच झाडाच्या सुप्त काड्या कापून दिल्या. जखमेच्या वर आणि खाली साल चिरून त्या पुलासारख्या बसवायच्या, पण साल लाकडापासून सहज सुटू लागेपर्यंत थांबायचे. तोवर काड्या ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी ठेवल्या आहेत. बाबांना फोनवर अजून काही बोललेलो नाही.