एबीएसचा दिवा विझला, दोष तसाच राहिला: भरल्या गाडीचे चार दिवस

चार दिवसांची खेप होती, पण हा वृत्तांत त्यातल्या आठ किलोमीटरच्या उताराचा आहे. बाकीचा रस्ता कुणीही चालवू शकेल. ज्यांच्या गाडीला हवेचे ब्रेक आणि एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, ज्यांना जॅक लावता येतो आणि मल्टिमीटर धरता येतो, त्यांच्यासाठी लिहितोय. अजून हात थरथरतात, त्यामुळे काही ठिकाणी शब्द कडक पडतील.

पहिल्या दिवशी दुपारी चढणीला एबीएसचा पिवळा दिवा लागला. सकाळी चावी फिरवल्यावर तो दोन-तीन सेकंद पेटून विझला होता, म्हणजे निघताना तरी सिस्टीमची तक्रार नव्हती. हवेचं प्रेशर पुरेसं होतं, ब्रेक नेहमीसारखे लागत होते. दिवा लागला म्हणजे ब्रेक गेले असं नसतं. साधे ब्रेक आपलं काम करत राहतात, फक्त चाकाला जाम होण्यापासून वाचवणारी यंत्रणा बंद पडते. म्हणून घाबरलो नाही. संध्याकाळी रस्त्यालगतच्या एका गॅरेजात गाडी लावली.

तिथे जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही. मिस्त्रीने स्कॅनर लावला, पण स्क्रीन माझ्याकडे वळवली नाही. आधी म्हणाला, "ईसीयू गेलाय, दादा." नवा ईसीयू, म्हणजे एबीएसचा कंट्रोल बॉक्स, घेणार नाही म्हटल्यावर पाच मिनिटांत दोष पुढच्या उजव्या चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरवर आला. चाक वर न उचलता वीस मिनिटांत सेन्सर बदलला, ईसीयूतला दोषाचा कोड पुसला, दिवा विझला. बिलात सेन्सर, स्कॅनिंग, कोड काढणं आणि मजुरी असे चार आकडे. त्या खेपेत मला जे सुटणार होतं त्यातलं निम्मं तिथेच गेलं. मीटर एकदाही बाहेर निघाला नाही. मोजमाप न करता सेन्सर बदलणारा मिस्त्री मिस्त्री नव्हे, सुटे भाग विकणारा माणूस आहे. जुना सेन्सर मात्र मी मागून घेतला. तुम्हीही घ्या, कितीही कुरकुर केली तरी.

दुसरा दिवस सपाट रस्त्याचा. दिवा बंद होता. सांगण्यासारखं काही नाही.

तिसऱ्या दिवशी उतार लागला. खालच्या गिअरवर, इंजिन ब्रेक लावून उतरत होतो. पहिली दोन वळणं ठीक गेली. तिसऱ्या वळणाआधी वेग दहा-बाराच्या घरात आला, ब्रेकवर पाय हलकाच होता, आणि उजव्या बाजूने फस्स, फस्स, फस्स असा हवेचा आवाज आला. स्टिअरिंगने डावीकडे ओढ घेतली आणि गाडी थांबायची तिथे न थांबता आणखी हातभर पुढे सरकली. रस्ता कोरडा होता, चाक घसरण्याचं काही कारण नव्हतं. डॅशबोर्डवर दिवा नाही. बरोबरचा पोरगा खिडकीतून डोकं काढून ओरडला, "मामा, पुढच्या उजव्या चाकापाशी हवा सुटतेय!" पुढच्या प्रत्येक वळणावर हेच. वेग जास्त असताना ब्रेक व्यवस्थित, थांबायची वेळ आली की ते चाक ब्रेक सोडून देई. सहा टनांचा पुढचा एक्सल, त्यातलं एक चाक ऐन वेळी मोकळं. मी तो उतार जवळजवळ चालत्या माणसाच्या वेगाने उतरलो.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण हे कळलं तर पुढचं सगळं सोपं आहे. हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या फिरत्या भागावर, दातांची टोन रिंग असते आणि तिच्यासमोर सेन्सर. आत चुंबक आणि तारेचं वेटोळं. दात समोरून गेले की वेटोळ्यात एसी व्होल्टेज तयार होतं. चाक जितकं हळू फिरेल तितकं व्होल्टेज कमी, आणि सेन्सर रिंगपासून जितका लांब तितकंही कमी. सेन्सर थोडा मागे सरकलेला असेल तर वेगात सिग्नल पुरतो, पण गाडी हळू झाली की तो इतरांच्या आधी मरतो. ईसीयूला वाटतं हे चाक जाम झालं. तो मॉड्युलेटर वॉल्व उघडून त्या चाकाची हवा सोडतो. त्याच्या हिशेबाने तो तुम्हाला वाचवतोय. म्हणून दिवाही लागत नाही. विझलेल्या दिव्यावर विसंबू नका, हे मी त्या उतारावर शिकलो.

पायथ्याला सपाट जागा मिळाली. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावले, पुढचा एक्सल उचलून स्टँडवर घेतला, दोन्ही पुढच्या सेन्सरचे कपलर (तारेचे जोड) सोडले. आधी रेझिस्टन्स: डावा १,१८०, उजवा नवा १,१५० ओहम. माझ्या सिस्टीमच्या पुस्तकात ९०० ते २,००० ची मर्यादा आहे, दुसऱ्या कंपनीची वेगळी असते, आपलं पुस्तक बघा. कुठलीही तार चेसिसला लागलेली नव्हती. म्हणजे सेन्सरची तार शाबूत. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवला आणि चाक हाताने, दोन सेकंदांत एक फेरा होईल एवढ्या वेगाने फिरवलं. किमान ०.२ व्होल्ट यायला हवं. डावीकडे ०.७ आलं. उजवीकडे ०.१ च्या आसपास आणि तेही डळमळत.

ओहम मोजून थांबू नका. रेझिस्टन्स एवढंच सांगतो की तार तुटलेली नाही. सेन्सर काम करतोय का ते फिरत्या चाकाचं व्होल्टेजच सांगतं.

सेन्सर स्प्रिंगच्या बुशमध्ये घट्ट बसलेला असतो. तो अंगठ्याने रिंगला टेकेपर्यंत आत ढकलायचा, मग चाक फिरलं की आवश्यक तेवढी फट तो आपोआप ठेवतो. हातोडी नको. ढकलला, पुन्हा फिरवलं: ०.६. मला इतका आनंद झाला की अंधार पडायच्या आत निघायची घाई केली. ती घाई चुकीची होती. दहा किलोमीटरवर, दोन जोरदार वळणांनंतर, थांबताना पुन्हा तीच फस्स.

रात्र तिथेच काढली. सकाळी डोकं थंड असताना चाक पुन्हा उचललं, टायर वर आणि खाली धरून हलवला. ठक. टायरखाली पहार घालून उचकलं, तरी ठक. पोराला ब्रेक दाबायला लावला आणि पुन्हा हलवलं, आता प्ले (ढिलेपणा) नाही. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो हब बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा (पुढचं चाक ज्या पिनवर वळतं ती). माझा बेअरिंगचा होता. प्रत्येक वळणावर हब कलत होता आणि रिंग सेन्सरला मागे ढकलत होती. नवा सेन्सर बसवा नाहीतर दहा बसवा, हा दोष जाणार नव्हता. बेअरिंगचा नट पुस्तकात दिलेल्या क्रमाने टॉर्क करून ॲडजस्ट केला, रिंग सरळ आहे आणि दात शाबूत आहेत हे पाहिलं, सेन्सर पुन्हा टेकवला. ०.७, स्थिर.

तुमचा दिवा पेटलेला असेल तर यानंतर तो लगेच विझेल अशी अपेक्षा धरू नका. सेन्सरचा कोड नोंदलेला असेल तर चाकं फिरल्याशिवाय ईसीयूला खात्री पटत नाही. थोडं चालवा. मग मोकळ्या सपाट जागेत पंधराच्या वेगाने हलक्या पायाने ब्रेक दाबत पूर्ण थांबा, दहा वेळा. एकदाही हवा सुटली तर काम झालेलं नाही, उताराकडे वळू नका.

उतारावरच हे सुरू झालं आणि थांबायला जागा मिळाली, तर गाडी लावून एबीएसचा फ्यूज काढा. दिवा पेटता राहील, पण साधा ब्रेक पूर्ण परत येईल. हे जवळच्या दुरुस्तीपर्यंतच, आणि रस्ता ओला असेल तर चाक जाम होऊ शकतं हे धरून चालवा. गाडीला ईबीएस असेल तर फ्यूजला हात लावू नका, तिथे ब्रेकचा हुकूमच विजेवर जातो.

वायरिंग तपासताना तारेत सुई टोचून मोजणारे भेटतील. त्यांना थांबवा. त्या छिद्रातून पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी आतली तार हिरवी पडते. मोजायचं ते कपलरवर. पुढच्या चाकाची तार स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, हलवत बघा, कारण घासली तर तिथेच घासते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी माल उतरवला. जुना सेन्सर मीटरला लावून बघितला: १,१४० ओहम. टोकाला लोखंडाचा काळा भुसा चिकटला होता, पुसल्यावर लख्ख. तो आता फडक्यात गुंडाळून टूलबॉक्समध्ये आहे, मीटरच्या शेजारी.