शेवटच्या धावपटूच्या मागून

रोड मॅरेथॉन पळणाऱ्या मैत्रिणी विचारतात, “पेस किती निघाला?”, म्हणजे एका किलोमीटरला किती वेळ लागला. डोंगरवाटांवर पळणारे ट्रेलवाले विचारतात, “चढ किती होता?” मला मात्र गेल्या डिसेंबरात पेसही नव्हता आणि बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबरही नव्हता. सिंहगड-राजगड-तोरणा पट्ट्यातल्या एका शर्यतीत मी स्वीपर होते. स्वीपर म्हणजे सगळ्यात शेवटच्या धावपटूच्या मागून चालणारा माणूस. आमचा टप्पा राजगड ते तोरणा.

काम ऐकायला सोपं आहे. शेवटच्याला कधीही ओलांडायचं नाही. वाट दाखवायला झुडपांना बांधलेल्या फिती सोडवून घेत यायचं आणि एनर्जी जेलची रिकामी पाकिटं उचलायची. प्रत्येक एड स्टेशनवर, म्हणजे वाटेतल्या खाण्यापिण्याच्या थांब्यावर, आपल्या पुढे कोण आहे ते कळवायचं. तिथे बिब नंबर लिहिलेले असतात. निघालेले, पोचलेले आणि शर्यत सोडलेले यांचा मेळ बसेपर्यंत स्वीपरला सुट्टी नाही. एक जरी नंबर कमी पडला तरी माणूस डोंगरात आहे असंच धरायचं. सकाळी किट तपासणीत शिट्टी, हेडटॉर्च आणि स्वतःचा पेला नसलेल्यांना बाजूला काढत होते, तेव्हा मला ते जरा जाचक वाटलं होतं. डोंगराच्या धारेवर मोबाइलची रेंज गेल्यावर शिट्टीची किंमत कळली.

राजगडाच्या संजीवनी माचीच्या आळू दरवाजातून उतरलं की तोरण्याकडे जाणारी धार लागते. गवत वाळलेलं, उतारावर घसारा, मधेच कारवी. माझ्यासोबतचा दादा जुना ट्रेकर, फारसं बोलणारा नाही. पुढे साधारण पन्नाशीतले एक काका होते. चढ आला की चालायचे, सपाटी आली की तुरुतुरु पळायचे. चढावर चालण्यात इथे कुणाला कमीपणा वाटत नाही, पुढचेही चालतच गेलेले असतात.

अर्ध्या वाटेत एक मुलगी दगडावर बसली होती, पोटरीत गोळा आलेला. काका थांबले. खरं तर मागून आम्ही येतच होतो, त्यांनी थांबायची गरज नव्हती. त्यांनी कमरेच्या पट्ट्यातून मिठाची गोळी काढून दिली, तिची टाच धरून पाय ताणून दिला.

“काका, तुमचा कटऑफ जाईल,” ती म्हणाली. कटऑफ म्हणजे ठरलेल्या ठिकाणी पोचायची शेवटची वेळ.

“जाऊ दे गं. आधी उभी राहा.”

धनगराच्या घरापाशी मावशी ताक घेऊन उभ्या होत्या. “अजून किती राह्यलेत मागं?” त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, “आम्हीच शेवटचे.” “मग सपवूनच जा,” म्हणत त्यांनी हंडा आमच्याकडे सरकवला.

पुढे धार खाली उतरते आणि खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो. कटऑफ तिथेच ठेवलेला, कारण त्यानंतर तोरण्याची चढण, बुधला माचीखालचा खडकाळ टप्पा आणि शिडी. थकलेल्या पायांनी तिथे अंधारात कुणाला सोडायचं नसतं. मुलगी थोडक्यात सुटली. काकांना उशीर झाला. कुणी हुज्जत घातली नाही. त्यांनी स्वतःच पिना काढून बिब टेबलावर ठेवला. नोंद घेणारी पोरगी, जी एरवी स्वतः पळते, तिने आधी त्यांना सूप दिलं आणि मग नंबरापुढे डीएनएफ लिहिलं, म्हणजे शर्यत पूर्ण केली नाही.

अमेरिकेतल्या वेस्टर्न स्टेट्स या १०० मैलांच्या शर्यतीला ३० तासांची मुदत असते. तिथे शेवटच्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हणतात आणि त्या तासात येणाऱ्यांसाठी लोक शेवटच्या रेषेपाशी, स्टेडियममध्ये मुद्दाम थांबतात. आमची शर्यत संपते त्या तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यात स्टेडियम नाही. पण तोरण्याच्या बिनी दरवाजातून आम्ही उतरत होतो तेव्हा खालून दोन टॉर्च वर आले. दुपारीच शर्यत संपवून, जेवून, ते मुलीला घ्यायला आले होते. ओळख नव्हती. एकाने तिच्या पुढे चालत घसाऱ्याच्या जागा दाखवल्या, दुसरा गप्पा मारत राहिला. तिची बॅग मात्र दोघांपैकी कुणी घेतली नाही, ती शर्यतीत होती.

खाली मांडवात काका पिठलं-भाकरी खात बसले होते, जीपने आधीच पोचलेले. मुलगी रेषेवर आल्यावर पहिली टाळी त्यांची.

ज्यांना स्वीपिंग करायचंय त्यांनी हातमोजे आणि छोटी कात्री न्या. ओल्या फितींची गाठ बोटांनी सुटत नाही आणि कारवीत हात घालून नखांची वाट लागते. फिती मोजून परत द्याव्या लागतात, म्हणून बॅगेत त्यांना वेगळा कप्पा ठेवा.