हाकामा

डिसेंबरचा दुसरा आठवडा. सकाळी सात वाजता दुकानात एचिझेनहून सुइसेनचा खोका आला. सुइसेन म्हणजे आपण ज्याला नर्गिस म्हणतो ते फूल. तिकडच्या, म्हणजे फुकुइ प्रांताच्या, समुद्रकाठच्या उतारांवर ते ऐन थंडीत फुलतं. खोका उघडला की दुकानभर वास पसरतो. आत तीस देठ होते. दुपारी एका सेन्सेईंच्या, म्हणजे शिक्षिकेच्या, घरी इकेबानाची, म्हणजे फुलं रचण्याच्या जपानी कलेची, शिकवणी होती, विद्यार्थिनी सहा, प्रत्येकीला पाच देठ.

मी तेव्हा क्योतोत भाषा शिकत होते. विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला २८ तासच काम करता येतं, ते सगळे तास मी या फुलांच्या दुकानाला दिले होते. चार महिन्यांत देठ पाण्याखाली कापायला शिकले होते. त्याला मिझुकिरी म्हणतात. पाण्याखाली कापलं की देठाच्या नळ्यांत हवा शिरत नाही आणि फूल पाणी ओढत राहतं. ट्यूलिपचा पांढरा बुंधा काढून टाकायचा हेही शिकले होते, कारण तो भाग पाणी नीट ओढत नाही. सुइसेनलाही तसाच पांढरा बुंधा होता, चिखल लागलेला, चिकट. तेन्चो, म्हणजे दुकान चालवणारे, बाहेर गाडीतून सामान उतरवत होते. त्यांना विचारावं असं मला वाटलंसुद्धा नाही. मी कात्री घेतली आणि एकेक देठ स्वच्छ कापत गेले.

ते आत आले तेव्हा चोवीस झाले होते.

ते ओरडले नाहीत. बादलीत बघत एवढंच म्हणाले, “हाकामा.” मीही बघितलं. कापलेल्या देठांची पानं सुटून बादलीत चारी दिशांना पसरत होती.

हाकामा हे किमोनोवर नेसायचं चुण्यांचं वस्त्र. सुइसेनच्या बुंध्याशी जे पांढरं, पातळ आवरण असतं, त्यालाही हाच शब्द आहे. चार पानं आणि एक फूल ते आवरण एकत्र धरून ठेवतं. इकेबानाच्या इकेनोबो घराण्यात ‘शोका’ नावाची रचना असते, तिच्यात सगळे देठ पाण्यातून जणू एकाच जागेवरून वर यावे लागतात. पाण्यालगतची ती जागा स्वच्छ आणि घट्ट दिसली पाहिजे. सुइसेनची ती जागा म्हणजे हाकामा. मी नेमकी तीच कापून टाकली होती.

तेन्चोंनी तीन ठिकाणी फोन केले. सुइसेन कुठेच शिल्लक नव्हतं. मग म्हणाले, “जोशी-सान, आपण दोघं जाऊ.” उरलेले सहा देठ ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आम्ही सायकलींवर निघालो. वाटेत रोक्काकुदो हे देऊळ लागतं. इकेनोबो म्हणजे तळ्याकाठची कुटी, आणि हे घराणं या देवळाच्या पुजाऱ्यांचं. १४६२ सालच्या एका रोजनिशीत नोंद आहे की इथल्या सेन्केइ नावाच्या पुजाऱ्याने सोन्याच्या पात्रात फुलं रचली आणि ती बघायला शहरातले रसिक लोटले. एरवी मी तिथे हात जोडून पुढे जायचे. त्या दिवशी देवळाकडे बघायचंही धाडस झालं नाही.

सेन्सेई ऐंशीच्या पुढच्या. जुनं लाकडी घर, आत ततामीची, म्हणजे गवती चटयांची, खोली. आम्ही दारातच गुडघ्यांवर बसून माफी मागितली. मी वाक्य पाठ करून गेले होते, ते अर्ध्यावर तुटलं. त्यांनी वर्तमानपत्र उलगडलं आणि देठ मोजले.

“सहा आहेत. मुलीही सहाच. आज एकेकीला एकच,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “तुम्ही बसा.”

तेन्चो परतले, मी बसले. जपानला येण्याआधी इकेबाना म्हणजे मला १५, ४५ आणि ७५ अंशांची एक आकृती वाटायची. ती सोगेत्सु घराण्याची पहिली रचना, आणि ते घराणं १९२७चं. इथे कोणी कोन मोजत नव्हतं. सेन्सेईंनी एक देठ हातात घेतला, हाकामा दोन बोटांत धरून अगदी हलक्या हाताने चुरला. मऊ झाल्यावर आधी फूल ओढून काढलं, मग आतलं एकेक पान. चार पानं, एक फूल आणि रिकामी पांढरी नळी, असे सगळे भाग त्यांनी ओल्या फडक्यावर ओळीने मांडले. पान बोटांच्या चिमटीतून सावकाश ओढलं की त्याला किंचित पीळ बसतो. मग पानांची उंची ठरवायची, कोणतं मागे, कोणतं पुढे ते बघायचं, फूल मधे ठेवायचं आणि सगळा जुडगा पुन्हा हाकामात सरकवायचा. झालं की वाटावं, याला कोणी हातच लावला नव्हता.

फूल मात्र पानांपेक्षा खाली होतं. मी विचारलं. त्या म्हणाल्या, कडाक्याच्या थंडीत ते पानांच्या आड असतं, वसंत जवळ आला की पानांच्या वर काढायचं.

मला हे फार आवडलं. माझी आजी वेणी करताना शेवंतीची पानं खुडून टाकायची. आपल्याकडे फुलाचीच किंमत, पान आपट्याचं नाहीतर आंब्याचं असेल तरच मानाचं. इथे पाच बायका दोन तास पानांचा पीळ बघत होत्या. एकीचा हाकामा फाटला. सेन्सेईंनी फाटलेली बाजू मागे वळवली आणि पुढच्या विद्यार्थिनीकडे गेल्या. सहावी सर्दी झाली म्हणून आली नव्हती. तिचा देठ त्यांनी माझ्यासमोर ठेवला.

माझी बोटं गार पडली होती. फूल सुटून यायला मला दहा मिनिटं लागली असतील. पानं आत सरकवताना दोनदा अडकली. सेन्सेईंनी मदत केली नाही, फक्त पाण्याची वाटी जवळ सरकवली. बोट ओलं करून सरकवलं तेव्हा चारही पानं आत गेली. मग केन्झानवर, म्हणजे सुयांच्या त्या जड बैठकीवर, त्यांनी माझा देठ स्वतःच्या हाताने उभा केला. तो उभा राहिला.

कापलेले चोवीस देठ मी खोलीवर नेले आणि स्टीलच्या पातेल्यात ठेवले. पुढचा आठवडाभर खोलीत तोच वास होता. रात्री अभ्यास झाला की त्यातलं एक पान घेऊन चिमटीतून ओढत बसायचे.

पुढच्या सोमवारी एचिझेनचा खोका पुन्हा आला. तेन्चोंनी तो माझ्यासमोर ठेवला, कात्री शेजारी ठेवली आणि ते बाहेर झाडायला गेले. मी कात्री खणात टाकली. मग जाड पेनने खोक्यावर जपानीत लिहिलं, आणि माझी मीच वाचायला म्हणून खाली मराठीत: बुंधा कापायचा नाही.