देवाच्या पुस्तकाचे पैसे कसले घेता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी मी ‘कागद फुकट मिळत नाही हो’ एवढंच म्हणते आणि विषय बदलते. प्रश्न मात्र सगळीकडे तोच. स्टॉलवर, लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये शेजारी बसलेल्या बाईंकडून: हरिपाठ, नामस्मरण, संतचरित्रं असली पुस्तकं काढता ना, मग त्याचे पैसे कसे घेता? देवाचं काम आहे ते. गेल्या आठवड्यात माझ्या भाचीनेही विचारलं. तिच्या आवाजात आरोप नव्हता, कुतूहल होतं, आणि तरी मला झोप लागली नाही.

बँकेतली नोकरी सोडून मी हे छोटं प्रकाशन का काढलं, गुरू कोण, घरचे काय म्हणाले, ही वेगळी गोष्ट. ते सोडते. पैशांचंच बोलू.

पुस्तकावर जीएसटी शून्य आहे म्हणून लोकांना वाटतं आमची चैन आहे. शून्याचा अर्थ असा की कागदावर आणि छपाईवर मी भरलेला कर मला परत मिळत नाही, तो माझ्याच खर्चात मुरतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकार फुकट देतं, ते खरं. पण १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक नव्या पुस्तकाच्या प्रती स्वखर्चाने कोलकाता, चेन्नई, दिल्ली आणि आपल्या मुंबईच्या टाउन हॉलमधल्या ग्रंथालयाला पाठवायच्या असतात. मी पाठवते, आनंदाने पाठवते. दुकानदार चाळीस टक्के कापतो आणि उरलेले विक्री झाल्यावर देतो. विकलं गेलं नाही ते सहा महिन्यांनी कोपरे दुमडून परत येतं. पोस्टाची पुस्तकांसाठीची स्वस्त सेवा, रजिस्टर्ड बुक पोस्ट, डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली तेव्हा तर काही महिने पुस्तकापेक्षा ते पाठवणं महाग होतं. कोकणातल्या एका शाळामास्तरांना मी ‘सध्या नका मागवू’ असं कळवलं होतं. मग मे २०२५ पासून तिच्या जागी ज्ञान पोस्ट आली, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि वर कर, तेव्हा त्यांची ऑर्डर रवाना केली.

‘गीता प्रेस बघा, किती स्वस्त देतात!’ हे ठरलेलं दुसरं वाक्य. बघते ना. माझ्याही देवघरात गीता त्यांचीच आहे. १९२३ पासून त्यांनी ४१ कोटींहून जास्त पुस्तकं छापली आहेत. लाखांच्या संख्येने छापलं की एका प्रतीचा खर्च किती खाली येतो, हे छापखान्यात एकदा उभं राहिलेल्या कुणालाही कळतं. मी हजार प्रती काढते. काळाचौकीतल्या एका खोलीत त्या मावतात, आणि त्या खोलीचं भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला द्यावं लागतं.

हे सगळं खरं आहे, पण हे उत्तर नव्हे. हे मी स्वतःला वाचवण्यासाठी सांगते. खरं उत्तर २०१८ च्या आषाढीला वडाळ्याला मिळालं, आणि ते मी आजवर घरच्यांखेरीज फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

ते माझं पहिलं पुस्तक. वडिलांच्या ट्रंकेत हरिपाठाची एक जुनी पुस्तिका होती, अभंगाखाली सोप्या मराठीत अर्थ दिलेली. लेखक जाऊन साठाहून जास्त वर्षं झालेली, म्हणजे हक्कांचा प्रश्न नव्हता. पानं पिवळी, टाइप झिजलेला. मी ती स्कॅन केली आणि सॉफ्टवेअरने मजकूर उचलून घेतला. दादरचे एक निवृत्त मुद्रितशोधक काका ओळखीचे होते. चौसष्ट पानांचे त्यांनी अडीच हजार सांगितले. मी हिशेब केला, हजार प्रती, म्हणजे प्रतीमागे अडीच रुपये. मला किंमत साठच्या वर न्यायची नव्हती. तेव्हा मीही तुमच्यासारखीच होते, देवाचं पुस्तक गरिबाला परवडलं पाहिजे असं म्हणणारी. आणि हरिपाठ तर मला लहानपणापासून पाठ. त्याला काका कशाला? मीच तीनदा तपासला आणि फायनल दिला.

२३ जुलै, आषाढी. वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराची रांग पार लांबवर गेलेली. एका फुलवालीच्या शेजारी मी टेबल टाकलं होतं, वर निळं प्लास्टिक ताणलेलं. दुपारपर्यंत २०१ प्रती गेल्या. लोक पुस्तक कपाळाला लावत होते आणि मग पैसे देत होते. मला वाटत होतं, विठोबानेच पावती दिली.

तेवढ्यात एक वारकरी बाबा टेबलाशी आले. गळ्यात तुळशीची माळ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी पहिलं पान उघडलं आणि तिथेच थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पुस्तक माझ्याकडे फिरवलं.

“माऊली, ही ओळ वाचा बरं.”

मी वाचली. “देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी, तेणें मुक्ति चारी साधियेल्या.”

“म्हणताय तुम्ही. वाचा.”

मी पुन्हा तेच म्हणाले. अगदी पुस्तकाकडे बघून म्हणाले. मग त्यांनी एका अक्षराखाली अंगठ्याचं नख ठेवलं, आणि मला दिसलं. ‘भुक्ति’. तेणें भुक्ति चारी साधियेल्या.

जुन्या टाइपात ‘म’च्या डोक्यावरची रेघ डावीकडे तुटली होती. रेघ तुटली की ‘म’चा ‘भ’ होतो. सॉफ्टवेअरने जे दिसलं ते उचललं. भुक्ति, म्हणजे भोग, हा शब्द असतोच, त्यामुळे कुठे लाल रेघही आली नाही. आणि मी? मी ती ओळ तीनदा तपासली तेव्हा एकदाही वाचली नव्हती. जे पाठ असतं ते माणूस वाचत नाही, म्हणतो.

“मुक्ती चार,” बाबा म्हणाले, “सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता. भुक्ती चार कुठल्या?” राग नव्हता. खरंच विचारल्यासारखं विचारलं. मग बंडीच्या खिशातून साठ रुपये काढून टेबलावर ठेवले आणि पुस्तक पिशवीत घातलं. “ही मी नेतो. दुसऱ्याच्या हाती जायला नको.”

मी ते साठ रुपये घेतले. का घेतले, हे मला आजही सांगता येत नाही. ‘नको बाबा’ हे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत.

आणि आता जे सांगायचं म्हणून हे सगळं लिहायला बसले, ते. मी टेबल लगेच आवरलं नाही. बाबा गर्दीत दिसेनासे झाले आणि समोर एक कुटुंब उभं राहिलं. त्यांनी दोन मागितल्या, मी दिल्या. मग आणखी कुणी आलं. एक अक्षर तर आहे, मी मनात म्हणत होते, भाव महत्त्वाचा, विठोबा काय अक्षरं मोजतो? बाबा गेल्यावर मी अकरा प्रती विकल्या. माहीत असताना. बाराव्याला एका मुलीने विचारलं, “काकू, माझ्या आजीला दिसत नाही, मी तिला वाचून दाखवणार आहे, अक्षर मोठं आहे ना?” तेव्हा मी पुस्तक तिच्या हातातून परत घेतलं आणि गठ्ठे बांधायला लागले. फुलवालीला वाटलं माझी तब्येत बिघडली.

२१३ गेल्या होत्या, ७८७ घरी आल्या. छापखान्याने सांगितलं, पिना काढून बाहेरचं पान बदलता येईल, नऊ हजार होतील. नव्हते. रद्दीत घालायचा विषयच नव्हता. सासूबाई म्हणाल्या, “विठ्ठलाचं नाव आहे आत.” याच सासूबाई मी प्रकाशन काढलं तेव्हा ‘नाव विकायला निघालीस’ असं म्हणून महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या.

शेवटी तेवढी एक ओळ त्याच कागदावर, त्याच टाइपात छापून घेतली. आठ सेंटिमीटर लांब पट्ट्या, कटिंग मशीनवर कापलेल्या. पहिल्या रात्री मी बाटलीतला गम वापरला तर पान लाटेसारखं फुगलं आणि मागच्या बाजूची अक्षरं वाकडी झाली. सासूबाईंनी बघितलं, उठल्या, मैद्याची खळ शिजवली आणि माझ्या हातातून चिमटा घेतला. ब्याऐंशीच्या गिरणी संपानंतर घरी पाकिटं चिकटवून त्यांनी संसार चालवला होता. तो हात मी त्याआधी कधी बघितला नव्हता. बोटाच्या टोकावर खळीचा ठिपका, पट्टीच्या पाठीवर एकदाच फिरवलेला, पट्टी ओळीवर टेकवायची, वर कोरडं फडकं, पुढचं पुस्तक. त्यांच्या पट्ट्या सरळ बसायच्या, माझ्या किंचित तिरक्या. आठ रात्री लागल्या. मधेच एकदा त्या एवढंच म्हणाल्या, “पाकिटाचे शेकड्यामागे पैसे मिळायचे.”

मी त्यावर काही बोलले नाही. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. देवाचं काम म्हणून माझ्याकडे कुणी कुणी फुकट राबावं असं मी धरून चालले होते? सासूबाईंनी, डीटीपी करणाऱ्या पोराने, काकांनी? काकांना तर मी बोलावलंच नाही, अडीच रुपये वाचवायला.

त्यानंतर काकांकडे गेले आणि जे झालं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी मला त्यांची पद्धत दाखवली. पाठ असलेला मजकूर ते शेवटच्या ओळीकडून पहिल्या ओळीकडे वाचतात, म्हणजे जीभ पुढे पळत नाही. आता माझं प्रत्येक पुस्तक त्यांच्याकडून एकदा आणि दुसऱ्या एका बाईंकडून एकदा जातं. दोघांनाही मी वेळेवर पैसे देते. त्याच हरिपाठाची किंमत आता नव्वद आहे. तर हे माझं उत्तर. मी पैसे घेते ते ‘मु’चा ‘भु’ होऊ नये म्हणून.

एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्यांनीच लिहून ठेवलंय, ‘ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध, परी पाठांतरीं शुद्धाबद्ध.’ ग्रंथात खोट नव्हती, म्हणता म्हणता ती शिरली. मी हे वाक्य आधीही पाहुण्यांना ऐकवत असे. अर्थ मात्र मला खळीने चिकट झालेल्या बोटांनी कळला.

एवढ्यावर थांबले असते तर तुमच्या प्रश्नाला उत्तर झालं असतं. पण दोन गोष्टी राहतात आणि त्या मला मिटवता येत नाहीत.

एक म्हणजे, शुद्धतेच्या नावाने घेतलेला सगळाच पैसा तसा नाही. एका वर्षी खोलीचं भाडं चार महिने थकलं होतं, तेव्हा मी एका मंडळाच्या महाराजांच्या चमत्कारांचं पुस्तक पूर्ण पैसे घेऊन छापून दिलं. त्यातल्या एकाही चमत्कारावर माझा विश्वास नव्हता. व्याकरणाची एक चूक त्यात सापडणार नाही. नंतर तसे तीन प्रस्ताव आले, ते नाकारले, पण पहिलं केलं ते केलंच. त्या पुस्तकावर माझ्या प्रकाशनाचं नाव आहे.

दुसरी गोष्ट गेल्या आषाढीची. एका बाईंनी हरिपाठ उचलला, मागे किंमत बघितली, पुस्तक परत ठेवलं आणि पदराने मुखपृष्ठ पुसलं, आपला ओला हात लागला म्हणून. मी हाक मारेपर्यंत त्या रांगेत मिसळल्या होत्या. साठ असते तर कदाचित घेतलं असतं. बँक सोडून आलेली ती आधीची मी अशा वेळी लगेच बोलायला लागते: बघ, म्हणूनच मी साठ ठेवली होती. मी तिला म्हणते, तुझ्या साठ रुपयांत ‘भुक्ति’ होती. ती म्हणते, पण त्या बाईंच्या घरी पुस्तक तरी गेलं असतं, आणि त्यांना तो अभंग पाठ असणार, त्या ‘मुक्ति’च म्हणाल्या असत्या. यावर माझ्याकडे उत्तर नाही. फुकट वाटायलाही मी एकदा शंभर प्रती काढल्या होत्या. त्यातल्या पंचवीसेक दुसऱ्या दिवशी देवळाच्या कठड्यावर भिजलेल्या सापडल्या. ते सांगून मी तिला गप्प करते, पण ती बाई काही कठड्यावर पुस्तक टाकणारी नव्हती, हेही मला दिसलेलं आहे.

त्या २१३ पैकी आजवर ४६ प्रती परत आल्या. प्रत्येक आषाढीला मी टेबलावर पाटी लावते आणि एका डबीत पट्ट्या ठेवते. वारकरी बाबा पुन्हा भेटले नाहीत. त्यांची प्रत मी मोजत नाही, ती त्यांनी जाणूनच नेली. म्हणजे बाहेर १६६ आहेत, कुणाच्या देव्हाऱ्यात, कुणाच्या उशाशी. एखाद्या घरी एखादं मूल त्यावरून हरिपाठ शिकत असेल, ज्याला तो अजून पाठ नाही आणि जे खरोखर वाचतं.

म्हणून तुम्हालाच विचारते. निळं मुखपृष्ठ, वर टाळांची जोडी, आत जुलै २०१८, पहिली आवृत्ती. घरी असेल तर पहिलं पान उघडा. अभंगाची दुसरी ओळ. म्हणू नका, अक्षर अक्षर वाचा. ‘भु’ दिसला तर आषाढीला वडाळ्याला घेऊन या, किंवा नुसतं कळवा, मी येऊन बदलून देईन. त्याचे पैसे नाहीत.