तुम्ही विचारलंत म्हणून: या वयात बाहुल्या कशाला?

"मुलीच्या का हो?" घरी पहिल्यांदा आलेला माणूस काचेच्या कपाटापुढं थांबतो आणि हेच विचारतो. मला मुलगी नाही. मुलगा आहे, तो पुण्याला असतो, आणि कॉलेजात असताना मित्र घरी आले की त्या कपाटाला पाठ लावून उभा राहायचा. मग दुसरा प्रश्न येतो, जरा खालच्या आवाजात: "मग तुमच्या?" हो, माझ्या. वय एकावन्न, नोकरी पतसंस्थेत, बाहुल्या चौतीस. तिसरा प्रश्न लोक जिना उतरल्यावर एकमेकांना विचारत असणार.

पहिली बार्बी मुंबईच्या आत्यानं आणली. तेव्हा मी शाळेत होते. तिच्या पाठीवर बारीक अक्षरांत 1966 असं उठवलेलं होतं. माझी बाहुली माझ्यापेक्षा मोठी आहे, हे मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या झाडून सगळ्या मैत्रिणींना सांगितलं होतं. पुढं खूप वर्षांनी कळलं की तो आकडा बाहुलीच्या जन्माचा नव्हे, त्या अंगाच्या नमुन्याच्या हक्काच्या (कॉपीराइटच्या) वर्षाचा. नंतर कितीतरी वर्षं निघालेल्या बाहुल्यांच्या पाठीवर तोच आहे. कुणाला सांगायला गेले नाही. ज्यांना सांगायचं त्या सगळ्या लग्न होऊन गेल्या होत्या.

आई घरी ब्लाउज शिवायची. मशीनखाली पडलेले तुकडे माझे. कापडाच्या बाहुलीला काय, गुंडाळलं की झालं. हिला मात्र खांदे होते, कंबर होती, बाही बसवावी लागायची. मुंढा थोडा कमी पडला की हात वर होत नाही, हे मी आधी साडेअकरा इंचांच्या अंगावर शिकले, मग माणसाच्या. खरं सांगायचं तर मला बाहुलीपेक्षा कापडाचं वेड आहे. बाहुली म्हणजे ते वेड मावेल एवढी जागा.

"ही लहान मुलांची गोष्ट" म्हणणाऱ्यांसाठी एक गंमत. मॅटेल कंपनीच्या रूथ हँडलर यांनी आपल्या मुलीला, बार्बराला, कागदी बाहुल्यांशी खेळताना पाहिलं. ती त्यांना बाळं करत नव्हती, मोठ्या बायका करत होती. पुढं 1956 मध्ये स्वित्झर्लंडच्या सहलीत त्यांना लिली नावाची जर्मन बाहुली दिसली. लिली वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रातून आलेली, आणि विकली जायची मोठ्या माणसांसाठी. तिच्यावरून बेतलेली बार्बी 9 मार्च 1959 ला न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात आली, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पोहण्याच्या पोशाखात. म्हणजे हिच्या माहेरची माणसं पहिल्यापासून मोठीच. सुरुवातीचे तिचे कपडे जपानमध्ये बायका घरी बसून हातानं शिवायच्या. त्या बायकांचा विचार माझ्या मनात बार्बीपेक्षा जास्त येतो. एवढाल्या टिचबटणांना टाके घालताना त्यांचे डोळे किती शिणत असतील!

बार्बीच्या अंगाबद्दल माझी भाची भांडते, आणि तिचं बरोबर आहे. असली कंबर कुणाला नसते. शिवणारी म्हणून मला एवढंच दिसतं की त्या कंबरेवर परकर, साडीचा खोचा, निऱ्या असे सहा-सात थर येतात आणि ती लगेच जाडजूड दिसायला लागते. पण हे काही भाचीच्या मुद्द्याला उत्तर नव्हे. 2016 मध्ये कंपनीनं भरल्या अंगाची, उंच आणि ठेंगणी अशा तीन नव्या ठेवणी काढल्या. त्यातली भरल्या अंगाची माझ्याकडं आहे. तिचं पाऊल सपाट. जुन्या सगळ्यांची टाच कायम उचललेली, त्यामुळं चप्पल लाईनीतून कातड्याच्या पट्ट्या मागून आणून मी केलेलं कोल्हापुरी पायताण फक्त हिच्याच पायात बसतं.

नवरात्रात आमच्याकडं संध्याकाळी प्रत्येकाच्या फोनवर अंबाबाईच्या त्या दिवसाच्या अलंकार पूजेचा फोटो येतो. एरवीही देवळातून आलेल्या बाईला पहिला प्रश्न काय असतो? "आज कुठली साडी होती गं?" काठ कसा, पदर कसा काढलाय, रंग खुलला की नाही. देवीची आणि बाहुलीची बरोबरी मी करत नाही, कान पकडते. पण नेसवणं ही बघण्यासारखी, मन लावून करण्यासारखी गोष्ट आहे हे डोळ्याला तिथंच कळलं. या गावात वाढून मला कपड्यांचं वेड लागलं नसतं तरच नवल.

आता नऊवारीचं. बाहुली माणसाच्या साधारण एक षष्ठांश. नऊ वार भागिले सहा, दीड वार. पन्हा पंचेचाळीस इंच भागिले सहा, साडेसात इंच. हिशेब पतसंस्थेतल्या माणसाला शोभेल असा चोख. मी महाद्वार रोडवरून बारीक काठाचं कापड आणलं, कापलं, नेसवलं, आणि बाई पोतं बांधल्यासारखी दिसली. लांबी भागता येते, रुंदी भागता येते, जाडी तेवढीच राहते. निऱ्या पडत नाहीत, उभ्या राहतात. काष्टा मागं शेपटासारखा वर. मलमल आणली, जॉर्जेट आणलं, पाण्याचा हात लावून रात्रभर वहीखाली दाबून ठेवलं. दोन वर्षं मी या एका काष्ट्यावर घालवली, यावर नवऱ्याचा अजून विश्वास बसत नाही. त्यांना वाटतं दोन महिने असतील.

शेजारच्या अक्का ऐंशीच्या पुढच्या, आयुष्यभर लुगड्यातल्या. एकदा वाटीभर पिठलं द्यायला आल्या आणि टेबलावरची बाहुली बघून म्हणाल्या, "ह्यो काष्टा हाय का बोचकं?"

मी म्हटलं, "बसतच नाही हो अक्का."

"कोरं कापड कुठं बसतंय व्हय? थांब, मी आलो."

आल्या त्या एक इरकली लुगडं घेऊन. धुऊन धुऊन इतकं झिजलेलं की उजेडाला धरलं तर पलीकडची खिडकी दिसत होती. काठ कातरायचा की आतलं कापड, यावर आमचं थोडं वाजलं. शेवटी त्यांनीच कातर घेतली. मला नेसवू दिलं नाही. बाहुली मांडीवर पालथी घातली, दोन पाय फाकले, ओचा काढला, निऱ्या बोटांनी न बघता मोजल्या आणि काष्टा एका खेपेत मागं खोचला. बसला.

मग पदर सारखा करत, माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "हिला चोळी कुणी शिवायची?"